डिकीवरची ओळ

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, खानदेश कसा वाटला? मी म्हणतो, जेवण चांगलं होतं. ते खोटं नाही. पण त्यापुढचं सांगायला फार वेळ लागतो, आणि विचारणाऱ्याला तर फक्त ऊन किती होतं एवढंच हवं असतं. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

ज्यांनी खानदेश पाहिला नाही त्यांनी निदान मे महिन्यात तरी जाऊ नये. मी मे महिन्यात गेलो, कारण मला दम निघत नव्हता. आमचा जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी पुण्यात एका मैदानावर जमायचं, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालायची आणि भांडायचं, एवढंच आमचं काम. त्या ग्रुपवर धुळ्याच्या एका सभासदाने लग्नाच्या वरातीतला एक फोटो टाकला. पांढरी अ‍ॅम्बॅसॅडर, मागून काढलेली, डिकीवर झेंडूच्या माळा. माळांच्या फटीतून लाल अक्षरं दिसत होती. पुढची-मागची झाकलेली, मधली तेवढी उघडी: 'धरा. धाकट्याला गा'.

बाकीची मला पाठ होती. 'मागच्यांनो, धीर धरा. धाकट्याला गाडी लागते.' त्यातला धाकटा म्हणजे मी.

ही ओळ माझ्या थोरल्या भावाच्या हातची. विलासदादा पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, शाळांच्या भिंतींवरची वाक्यं हे त्याचं पोट. मला लहानपणापासून गाडी लागते. गाड्यांचं वेड आणि गाडी लागणं हे दोन्ही एकाच माणसाच्या कपाळी लिहिणाऱ्याला मी अजून भेटलेलो नाही. दादाने अ‍ॅम्बॅसॅडर घेतली तेव्हा मी चांगला नोकरीला लागलेला बाप्या होतो, तरी घाट आला की मी हिरवा-पिवळा व्हायचो. दादा गाडी हळू घ्यायचा आणि मागचे हॉर्न वाजवून कान किटवायचे. एके दिवशी तो वैतागला, ब्रश घेतला आणि डिकीवर लिहून मोकळा झाला. तेव्हापासून मागचे हॉर्न वाजवायचे थांबले. ओव्हरटेक करताना खिडकीतून माझ्याकडे बघून हसायचे. मला फार राग यायचा.

दादा गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात वारला. त्याच्या हातचं अक्षर कुठे उरलंय म्हणून मी सगळं पुणं पालथं घातलं. पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या, नंबरप्लेटा कारखान्यातून छापून यायला लागल्या, शाळांच्या भिंतींवर नवे रंग चढले. घरात गाडीचे फोटो आहेत, पण सगळे पुढून. गाडीचा फोटो मागून कोण काढतो? आणि गाडी तर त्याने हात थरथरायला लागल्यावर विकली होती. ती हातोहात कुठे गेली याचा कुणालाच पत्ता नव्हता.

आता होता. मला ती गाडी हवी होती. गाडी नाही तर डिकीचं झाकण. तेही नाही तर निदान एकदा त्या अक्षरांवरून बोट फिरवायचं होतं. दादा रंग जाड लावायचा. डोळे मिटूनसुद्धा त्याचं अक्षर वाचता यायचं.

धुळे

माझी स्वतःची जुनी गाडी एवढ्या उन्हात एवढ्या लांब नेण्याची माझी छाती नव्हती. शेजारचा शशी म्हणाला, चल, माझ्या गाडीने जाऊ. शशी माझा शाळेपासूनचा मित्र आणि गाड्यांच्या बाबतीत कट्टर शत्रू. त्याची गाडी विजेवर चालते. तिला आवाज नाही, धूर नाही, वास नाही. चांदवडच्या पुढे घाट लागला आणि मला कळलं की आवाज नसलेली गाडी तर जास्तच लागते. शशीने दोनदा गाडी थांबवली. मी रस्त्याच्या कडेला वाकून उभा असताना तो खिडकीतून समजावत होता की जुन्या गाड्या वितळवून त्यांचे नवे रूळ करायला हवेत. त्या अवस्थेत मला वाद घालता येईना.

लळिंगचा किल्ला उघड्याबोडक्या डोंगरावर उन्हात तापत बसला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. धुळ्यात शिरताना पांझरेच्या पात्रात पाणी शोधलं, दिसलं नाही. ज्या हॉटेलात गाडी चार्ज करायची होती तिथलं मशीन बंद होतं, आणि कधीपासून बंद आहे ते तिथल्या कुणाला सांगता येईना. गाडीत पुढे कुठे जाण्याइतकी ताकद उरली नव्हती. शशीचा चेहरा बघून मला क्षणभर बरं वाटलं. तेवढंच त्या दिवसातलं सुख.

फोटो टाकणारे आबा याच गावचे. आबांची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक पद्मिनी, एक जीप आणि एक अ‍ॅम्बॅसॅडर, पण ती वेगळी. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, त्यामुळे घर चटकन सापडलं. आबांनी शशीच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, तिच्या अंगावर पिठाचा हात ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला वायर लावून दिली. वायर खिडकीतून बाहेर, आत मिक्सर बंद. गाडी मुंगीच्या पावलाने चार्ज व्हायला लागली.

घाटापासून मला अन्नाचा वास नको झाला होता. मी म्हणालो, "आबा, काही करू नका. फक्त चहा द्या."

आबा आत वळून ओरडले, "ऐकं का वं? पाव्हना म्हनतस काही करू नका!"

आतून त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, हसल्या आणि खलबत्त्याचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने ताट आलं. शेवभाजी, तिच्यावर बोटभर तर्री. पाटवड्यांचा रस्सा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा, भाजलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्या पुण्यात पाहुणा 'काही नको' म्हणाला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो आणि पाण्याचा ग्लास पुढे करतो. मी पुन्हा हात आडवा धरून बघितला. अक्कांनी हाताच्या वरून भाकरी वाढली.

"पाव्हना 'काही नको' म्हनस, तवय समजी लेवानं, त्याले भूक लागेल शे," आबा म्हणाले. "आम्हनाकडे बठ्ठा असंच समजतस." बठ्ठा म्हणजे सगळे.

मी हसलो. मला ते गमतीचं वाटलं. आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

जेवताना वाद पेटला. गाड्यांच्या वेड्यांचं हे असंच असतं, ते दुसऱ्याच्या ताटावरही भांडतात. आबा शशीला म्हणाले, "तुमनी गाडी मोबाईल शे, भाऊ. चाकं लायेल मोबाईल. चार्ज सरना का बठ्ठं सरनं. जुनी गाडी आजारी पडस तवय सांगस. खोकस, धूर सोडस. नवी गाडी गपचूप मरस."

शशी म्हणाला, "आबा, जुन्या गाडीवर प्रेम करायचं म्हणजे दुखणं कुरवाळत बसायचं. रोज सकाळी उठून बघायचं, आज काय गळतंय. माझ्या गाडीत गळायला काही नाहीच."

"मंग तिन्हावर जीव कसा लागी?" आबांनी विचारलं.

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. गाडी एकदाच मूळ असते. इंजिन बदलता येतं, सीट शिवता येते, पण पहिला रंग एकदा गेला की गेला. ओरखडे असू द्या, डाग असू द्या, ते त्या गाडीचं आयुष्य आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावर माना डोलतात. आबांची मान हलली नाही.

"रंग खराब व्हयना त नवा लावाना," ते म्हणाले. "मानूस कपडा बदलस का नही?"

मग मी त्यांना ओळीची गोष्ट सांगितली. आबा भाकरी हातात धरून ऐकत राहिले. फोटो काढताना त्यांनी ती ओळ वाचली होती, वरातीतले सगळे वाचून हसत होते, म्हणूनच तर फोटो काढला होता. लग्न दोंडाईच्याचं, पण गाडी नवरदेवाकडची, बोदवडची. मालक रामदासनाना. शेती आहे, गाडी हौसेने ठेवलेली, तालुक्यातल्या लग्नांना देतात. नंबर आबांकडे होता.

"पन नानाले हाई सांगानं नही," आबा म्हणाले. "गाडी लेवाले जावानं तवय मनमानं तोंडवर येऊ देवानं नही."

शशीनेही मान डोलावली. आपल्या गाडीत काहीतरी अमोल आहे असं समोरच्याला कळलं की तो गाडी देतच नाही, असं त्याचं म्हणणं. दिवसभरात या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर, आणि मीही त्याच पंथातला. जुनी गाडी बघायला जाताना चेहरा दगडाचा ठेवायचा, हे मी आयुष्यभर नव्या पोरांना शिकवत आलोय.

म्हणून नानांना फोन लावला तेव्हा दादाचं नाव घेतलं नाही, ओळीचं काढलं नाही. एवढंच म्हणालो की पुण्याहून आलोय, गाडी बघायची आहे, जमलं तर घ्यायची आहे. नाना खूश झाले. या म्हणाले, घर तुमचंच आहे. मग मला राहवेना.

"नाना, एक विनंती आहे. गाडीला काही करू नका. धुऊसुद्धा नका. आहे तशी राहू द्या."

पलीकडे नाना हसले. "बरं, बरं. तुम्ही या त खरं."

पोटात अक्कांची शेवभाजी होती, आणि तरीही मी त्या हसण्याचा अर्थ लावला नाही.

पिंप्राळा

सकाळी निघालो तेव्हा बेत असा होता की जळगाव ओलांडायचं आणि दुपारी बोदवड. पारोळ्यापर्यंत मी तग धरला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, वर पांढरं आभाळ, मध्ये पळणारा डांबरी रस्ता, आणि गाडीच्या आत गारव्यात कोंडलेला मी. एरंडोलच्या पुढे शेवभाजी आली तशी परत गेली. मग थांबेचना. शशी घाबरला. जळगावात पिंप्राळ्याला त्याचा मावसभाऊ दिलीप राहतो. त्याने गाडी थेट त्याच्या दारात नेली.

दिलीप वापरलेल्या गाड्या विकतो. घराला लागूनच त्याचं आवार आहे. कॉलनीतल्या बायका स्कूटर आवारातून काढून पलीकडच्या गल्लीत जातात आणि जाता जाता गाड्यांना नावं ठेवतात. त्याने मला ऑफिसातल्या खाटेवर झोपवलं, लिंबू-साखर-मीठ दिलं. मी बोदवडला फोन करून सांगितलं की आज जमत नाही, उद्या येतो.

"बरं झालं," नाना म्हणाले. "उद्याच या. सवडीनं या."

ते मला सुटल्यासारखे वाटले. मी म्हटलं, शेतकरी माणूस, काही काम असेल.

आता सारखं वाटतं, त्या दिवशी गेलो असतो तर? सकाळी नाही तर दुपारी, दुपारी नाही तर संध्याकाळी, पण त्या दिवशी. मला गाडी लागली म्हणून गेलो नाही. ज्या दुखण्यापायी दादाने ती ओळ लिहिली, त्याच दुखण्याने मला पिंप्राळ्याला खाटेवर पाडून ठेवलं. याच्यावर मी कितीही विचार केला तरी तो कुठे पोहोचत नाही.

खाटेवरून आवार दिसत होतं. एक माणूस गाड्यांच्या टायरांना काळं पॉलिश लावत होता, दुसरा आत अत्तर फवारत होता. मी दिलीपला विचारलं, तू कुठल्या बाजूचा, नव्या की जुन्या?

"मी वापरलेल्याच्या बाजूचा, भाऊ," तो म्हणाला. "नवी गाडी घेणारा तिला घाबरून असतो. ओरखडा पडेल म्हणून दारापुढे झाकून ठेवतो. तुमच्यासारखे जुन्या गाडीवाले तर तिची पूजाच करतात. गाडी खरी वापरतो तो सेकंड हँडवाला. पोरं शाळेत सोडतो, खताची गोणी टाकतो, सासुरवाडीला जातो."

"मग एवढं पॉलिश कशाला?"

"गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर गाडी नटवायलाच पाहिजे. तशीच पुढे उभी केली तर त्याचा अपमान नाही का?"

मी पडल्या पडल्या ते ऐकलं आणि कूस बदलली.

ऊन उतरल्यावर पाय मोकळे करायला दिलीप मला जवळच्या भंगारवाल्याकडे घेऊन गेला. मला बरं वाटावं म्हणून नेलं बिचाऱ्याने. तिथे जुन्या गाड्या एकावर एक रचलेल्या होत्या. गॅसच्या ज्योतीने एका अ‍ॅम्बॅसॅडरचं छप्पर कापणं चाललं होतं. कधीतरी त्या गाडीतून कुणाची तरी नवरी आली असेल, कुणाला तरी दवाखान्यात नेलं असेल. मी प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन डिकी बघत सुटलो. ती गाडी बोदवडला सुखरूप आहे हे माहीत असूनही बघत होतो. कशावर 'जय खानदेश', कशावर मुलांची नावं, कशावर नुसता गंज. शशी मागून आला. नव्या गाडीचं काही बोलेल असं वाटलं. म्हणाला, चल, दिलीपकडे खिचडी टाकली आहे.

बोदवड

सकाळी लवकर निघालो. नशिराबाद, भुसावळ, मग वरणगावहून आत. भुसावळच्या पुढे थोडी केळी दिसली. त्या पट्ट्यात हवा जरा ओली होती, तेवढ्यापुरता मी काच खाली करून बसलो. मग पुन्हा काळी रानं आणि ऊन. शशी गाडी अगदी हळू चालवत होता. माझ्या पोटात त्या दिवशी नुसती खिचडी आणि भीती होती, तरी काही झालं नाही.

रामदासनानांचं घर गावाच्या कडेला. अंगणात मोठं कडुनिंबाचं झाड, त्याच्याखाली गाडी उभी होती, हिरव्या चादरीने झाकलेली. दारात पाच-सहा माणसं जमली होती. नाना बाहेर आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, वय सत्तरीच्या पुढचं. माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. नानींनी आमच्या पायांवर पाणी घातलं आणि कुंकवाचं ताट आणलं. मला वाटलं आम्हाला ओवाळणार. त्यांनी गाडीला ओवाळलं. नानांनी नारळ फोडला आणि चादर ओढली.

गाडी इतकी पांढरी होती की उन्हात डोळे मिटले गेले. मग वास आला. ताज्या रंगाचा वास मी कुठेही ओळखतो, आमचं सगळं घर त्या वासाचं होतं.

तरी मी मागे गेलो. माणसाची आशा किती निर्लज्ज असते ते मला त्या चार पावलांत कळलं. मनात म्हणत होतो, मागचं सोडलं असेल, तेवढंच सोडलं असेल.

डिकी कोरी होती. मी हात ठेवला. बोट फिरवलं. पुट्टी भरून, घासून, वर रंग मारलेला. कुठे काही हाताला लागत नव्हतं.

"तुम्ही म्हने, काही करू नका," नाना मागून म्हणाले. आवाजात नुसता आनंद. "मले हसू आलं. म्हनलं, पुन्याची मानसं भिडस्त. एवढ्या लांबून येऊ राह्यले, आन आपन गाडी तशीच पुढं उभी करू? शोभते का? परवाच सुपडूले बोलावून घेतलं. काल तुम्ही आले नाही ते बरंच झालं, त्याले येळ भेटला. उन्हात रंग घंट्याभऱ्यात वाळला."

सुपडू पेंटर झाडाखाली उभा होता. हातात ब्रश, पायाशी लाल रंगाचा छोटा डबा. तो लाजून हसला आणि म्हणाला, "मांगचं लाल अक्षर लय चिवट होतं, भाऊ. असा रंग आता भेटत नाही. घासू घासू हात दुखले."

"काय होतं ते?" शशीने विचारलं. त्याला माहीत होतं. त्याला बोलायचं होतं, मी त्याचा दंड धरला.

नाना सांगायला लागले. "कोनं लिहिलं काय माहीत. धाकट्याले गाडी लागते म्हने! लग्नात पोट्टे लय हसत. नवरदेवाच्या धाकट्या भावाले गाडीत मांगे बसवत, हातात लिंबू देत, अन् वरात हळू हळू नेत. आमच्याकडं ते रीतच होऊन बसलं होतं. पन तुमच्यापुढं असं येडंवाकडं लिहेल बरं दिसत नव्हतं."

मी ऐकत होतो. दादा गेला, त्याच्या पाट्या गेल्या, आम्ही पुण्यात त्याच्या तेराव्याला मोजकी माणसं होतो. आणि इकडे या गावांतल्या वराती त्याच्या एका ओळीपायी हळू जात होत्या. कितीतरी धाकटे भाऊ हातात लिंबू धरून चिडले असतील, माझ्यासारखे. हे त्याला कधी कळलं नाही. मला कळलं, ते संपल्यावर एका दिवसाने.

तेव्हा नानांना सांगायला हवं होतं का? शशी म्हणतो, हवं होतं. माझ्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण नाना गाडीच्या टपावरून तळवा फिरवत माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि नानी ताट हातात धरून उभ्याच होत्या. त्यांनी माझा मान ठेवला होता. त्यांच्याकडे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं करून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं होतं. त्या म्हाताऱ्याला उरलेलं आयुष्य काय केलं आपण असं म्हणत काढायला लावायचं? माझं तर जायचं ते गेलंच होतं.

"छान झालीय, नाना," मी म्हणालो.

"नवी वाटते ना?"

"अगदी नवी."

सुपडूने डबा उचलला. नाना म्हणाले, "मांगची जागा तुमच्यासाठीच मोकळी ठेवली. गाडी तुम्ही नेनार. सांगा, काय लिहू?"

एका क्षणात मनात सगळं येऊन गेलं. तीच ओळ सांगावी. पण ते सुपडूचं अक्षर झालं असतं. दादाच्या 'ध'ला एक गाठ असायची, ती सुपडू कुठून आणणार? आणि तीच ओळ पुन्हा लिहायला सांगितली तर नानांना सगळं कळलं असतं.

"काही लिहू नका," मी म्हणालो.

नाना सुपडूकडे बघून हसले. सुपडूही हसला. मी तोंडातून शब्द गेल्यावर जागा झालो, पण नानींनी तोवर आम्हाला हात धरून आत नेलं होतं.

आत खापरावरचे मांडे होते. उलट्या मडक्यावर भाजलेली हातभर रुंद पुरणपोळी, कागदासारखी पातळ, आणि वाटीभर आमरस. ज्यांनी मांडे खाल्ले नाहीत त्यांना मी सांगू शकत नाही. नानी दोन्ही हातांवर ती पोळी झुलवत मोठी करत होत्या, ते बघत बसावं असं होतं. मी खाल्ले. मला नको होते, पण नको म्हणायची आता माझी हिंमत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तर नानी म्हणाल्या, चुलीचा धूर हाय, भाऊ, इकडं सरका.

जेवताना मी नानांना सांगितलं की गाडी मी नेत नाही. त्यांचा हात थांबला. "आवडली नाही का?"

"फार आवडली. पण ती इथेच शोभते. इथल्या वरातींना लागते. पुण्यात नुसती झाकून ठेवावी लागेल."

नानांनी उपरण्याने तोंड पुसलं, मग डोळे पुसले. गाडी द्यायची त्यांच्या मनात मुळीच नव्हती. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून ते ती देत होते.

बाहेर आलो तेव्हा सुपडू ब्रश पुसत होता. डिकीवर लाल अक्षरं होती. त्याच जागी, जवळपास तेवढ्याच मापाची. 'पाहुणे, पुन्हा या.' ओल्या रंगावर कडुनिंबाचं एक बारीक फूल चिकटलं होतं. अक्षर वाईट नव्हतं.

परत

निघताना नानींनी लिंबं दिली, पिशवीभर. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पाहुण्याला गाडी लागते.

परतीच्या वाटेवर शशीने मला पहिल्यांदाच काही समजावलं नाही. धुळ्याला आबा वाट बघत होते, पण मी थांबू दिलं नाही. आबांना तोंड कसं दाखवायचं, आणि वरातीचे आणखी फोटो आहेत का ते विचारायचं धैर्यही नव्हतं. तो अर्धा फोटो माझ्याकडे आहे. 'धरा. धाकट्याला गा'. मी तो हल्ली उघडत नाही. बोटाखाली काच लागते.

रविवारच्या ग्रुपमध्येही जाणं बंद केलंय. मूळ रंग, मूळ बॉनेट, मूळ स्क्रू असं कुणी बोलायला लागलं की मला उठून जावंसं वाटतं. नवी गाडी चांगली की जुनी, वापरलेली घ्यावी की कोरी, यावर माझं आता काही मत नाही. शशीला ते फार लागलंय. तो मुद्दाम येऊन जुन्या गाड्यांना शिव्या देतो, मी भांडावं म्हणून.

त्या दिवशी परतताना चांदवडच्या घाटात मला पुन्हा गाडी लागायला लागली. मी लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. शशीने काही न विचारता गाडी हळू घेतली, अगदी कडेने, दादा घ्यायचा तशी. लगेच मागून हॉर्न सुरू झाले. एक ट्रक, एक जीप, मग आणखी कोणी. थांबेचनात. शशीने काच खाली करून हात बाहेर काढला, थांबा, थांबा असा हलवला, पण मागच्यांना काय कळणार? आमच्या गाडीच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.